मालनचा वाटा

“मूठ वळा बघू, मावशी.”

मंजुळानं मूठ वळली. नुसती वळली नाही, डॉक्टर मेघालीच्या नाकासमोर नेऊन धरली. वर्षापूर्वी हीच बोटं अशी सुजलेली होती, की विळीवर सुरमई धरवत नव्हती.

माजिवड्याच्या त्या हॉस्पिटलात एक परीक्षा चालली होती. चीनमधल्या कुठल्याशा वेलीच्या मुळांची पूड सांध्यांच्या दुखण्यावर खरंच चालते का, ते बघायचं होतं. निम्म्या बायकांना खरी पूड, निम्म्यांना खोटी. कोणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. आज परीक्षा संपली होती आणि एकेकीला आत बोलावून सांगणं चाललं होतं. मंजुळाची धाकटी जाऊ मालन बाहेर बाकावर बसली होती.

“माझं जाऊ द्या मॅडम,” मंजुळा म्हणाली. “आता मालनला खरं औषध द्या. वरस झालं, बिचारी खोटं घेतेय. तिला नवरा नाय. टोपली उचलली तर तिची चूल पेटते.”

“त्यांना खोटं मिळतंय, असं कोणी सांगितलं तुम्हाला?”

सांगायला कशाला पाहिजे? जन्म बाजारात गेलेली बाई. बर्फातला मासा कल्ला न उघडता ओळखणारी. तिला दोन पुड्यांतला फरक कळायचा नाही? सुरुवातीलाच तिनं दोघींच्या पुड्या जिभेवर ठेवून बघितल्या होत्या. तिची कडूजहर. मालनची नुसती तुरट, मातकट. त्यात मंजुळाची सूज ओसरायला लागलेली आणि मालनची बोटं होती तशीच. औषध कडूच असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. मंजुळानं तिथल्या तिथं निकाल देऊन टाकला.

आणि निकाल देऊन गप्प बसणारी ती नव्हती. ठाण्याच्या खाडीकाठच्या त्यांच्या कोळीवाड्यात होडी लागली की मासळीचे वाटे पडत, आणि ज्या घरचा पुरुष होडीवर गेलेला नसे, त्या घरचाही वाटा पडे. मालनचा नवरा वारल्यापासून तिचा वाटा मंजुळा स्वतःच्या हातानं काढायची, तोही जरा चढताच. एका चुलीवर कालवण आणि दुसरीवर नुसता भात, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. मग औषधाचंच काय वेगळं?

“वयनी, मॅडम बोलल्या, जिची तिनंच प्यायची,” मालन कुरकुरली होती.

“त्यांना काय जातंय बोलायला? एकीनं बरं व्हायचं नि दुसरीनं बघत बसायचं, असं आपल्यात चालतं का गो?”

तेव्हापासून रोज सकाळी मंजुळा मालनची पुडी मोरीत ओतून टाकी आणि आपली उकळून दोन कपांत भरी. रिकाम्या पुड्या दोघींच्याही हॉस्पिटलात परत जात. कोणाला संशय आला नाही. मालनला मात्र गुण येईना. अर्ध्यानं काय होणार, म्हणून मंजुळा तिच्या कपात जास्त ओतू लागली. पुढं पुढं तर स्वतः तळाशी उरलेला घोटच घ्यायची. आणि तरी हिची मूठ वळत होती, तिची नाही. नशीब एकेकीचं, दुसरं काय!

डॉक्टर मेघालीनं खुर्ची जरा पुढं ओढली.

“मावशी, औषध चांगलं निघालं. ज्यांना खरं मिळालं त्यांतल्या बहुतेक जणी सुधारल्या. पण खोटं तुम्हाला होतं.”

मंजुळा हसलीच. “मना? काहीतरी गल्लत झालीय, मॅडम. माझं कडू होतं.”

“कडू होतं, कारण आम्हीच त्यात काडेचिराईत घातलेलं. लोकांना कडू तेच खरं वाटतं ना.”

मनाच्या भरवशावरही कधी कधी दुखणं हटतं, कधी ते आपसूक ओसरतं, असं काहीबाही डॉक्टर समजावत राहिली. मंजुळाला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

“नवल मालनबाईंचं वाटतं. वर्षभर खरं औषध होतं त्यांना, तरी काही फरक नाही. नियमानं घेत होत्या ना?”

मंजुळाच्या डोळ्यांपुढं मोरी आली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पण हॉस्पिटलची फरशी गुळगुळीत होती आणि डॉक्टर उत्तराची वाट बघत होती. तिनं मान हलवली. घेत होती.

“मग आता पन द्या ना तिला. डबल द्या.”

“आता उपयोग नाही, मावशी. सांधे आतून खाल्ले गेलेत. ती बोटं आता सुटायची नाहीत. वेळेवर लागू पडलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. तुमच्या तोंडून ऐकलेलं त्यांना सोपं जाईल, तुम्हीच सांगा त्यांना.”

मंजुळा बाहेर आली, तशी मालन बाकावरून धडपडत उठली.

“काय बोलल्या गो वयनी? माझं खोटंच होतं ना?”

मंजुळाला खरं सांगायचं होतं. दारातून येता येता तिनं शब्द जुळवलेही होते. पण मालन ज्या भरवशानं तिच्या तोंडाकडं बघत होती, तो मोडायची हिंमत तिच्यात नव्हती. ही माया होती की भीती, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

“खोटंच,” ती म्हणाली.

“बघ! तू बोललेलीस.” मालनचे डोळे भरून आले. “तू तुझ्यातलं पाजलंस, म्हणून एवढं तरी चाललं माझं. सख्खी बहीण नाय करायची असं.”

तिनं मंजुळाच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि कडाकडा बोटं मोडून तिची दृष्ट काढायला ते आपल्या कानशिलांशी नेले. पण बोटं वळलीच नाहीत.