पाच चाळीस

"रोज पाच चाळीसला वीज जाते," साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. "चार महिने. एक दिवस चुकलेला नाही. हे टेपच्या यंत्रानं स्वतः नोंदवलंय, उखर्डू. तू सहाच्या आधी मेन स्विच पाडतोस."

"घड्याय देखीसनच पाडस, साहेब," शिपाई उखर्डू म्हणाला. "सहाना आगे कधी हात नही लावं."

"मग यंत्र खोटं बोलतं?"

साहेब कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या प्रमिलाबाईंकडं वळले. ते चौकशीसाठी सकाळीच नाशिकहून धुळ्याला आले होते. माती तपासणी केंद्रातली माणसं त्यांना तोंडओळखीपुरती ठाऊक, भिंती तर मुळीच नाहीत.

"यंत्राची वेळ तुम्ही लावली होती ना, बाई? बरोबर लावली होती?"

प्रमिलाबाईंनीच लावली होती. कॉम्प्युटरमधली माहिती रोज टेपवर उतरवून ठेवणारं ते यंत्र देऊन गेलेला इंजिनिअर म्हणाला होता, पुढच्या आठवड्यात येतो. तो आठवडा काही उजाडला नाही. मग बाईंनीच जाडजूड पुस्तक मांडीवर घेतलं आणि डिक्शनरी लावून वाचून काढलं. यंत्राला नेटवर्कचा नंबर दिला. पहिल्या खेपेला तो प्रिंटरचाच निघाला आणि यंत्र आणि प्रिंटर दोन्ही मुकी झाली, तेव्हा दुसरा दिला. मग तारीख, मग वेळ. वेळ त्यांनी मनगटावरच्या घड्याळावरून लावली. ते त्या रोज स्टेशनातल्या घड्याळाशी जुळवून घेत. बॅकअप सुरू व्हायची वेळ दिली पावणेसहा. सहाला ऑफिस सुटतं, पंधरा मिनिटं यंत्राला पुष्कळ झाली, असा हिशेब. त्या दिवशी त्यांनी घरी जाऊन शिरा केला होता.

रोज सकाळी त्या टेप बदलत. सोमवारची, मंगळवारची, प्रत्येकीवर स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी. गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरची डिस्क बसली, तेव्हा त्या अगदी निवांत उठल्या आणि शुक्रवारची टेप लावली. ती कोरी निघाली. मग गुरुवारची. पाचही कोऱ्या. साक्री-शिरपूरकडच्या गावांतून पिशव्या भरभरून आलेल्या मातीचे चार महिन्यांचे निकाल मातीतच गेले.

"बाई, मी काय विचारतोय?"

"बरोबर लावली होती, साहेब," प्रमिलाबाई म्हणाल्या.

खरंच होतं ते. पण तेवढंच बोलून त्या थांबल्या. उखर्डूनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. बाईंना वाटलं, त्याच्याऐवजी आपलीच मान खाली जायला हवी होती.

"मग प्रश्न मिटला," साहेब म्हणाले. "कामात कसूर. कागद टाइप करून आणा, उखर्डूची सही घ्या. मुख्य कार्यालय ठरवेल काय ते."

उखर्डूच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. एकोणतीस वर्षांत त्याच्या नावावर एक शेरा नव्हता.

प्रमिलाबाईंनी कागद टाइप केला. 'कसूर' या शब्दाशी बोटं दोनदा चुकली. कागद उखर्डूच्या हातात देताना त्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. मग टेबलाशी बसून राहिल्या. बाहेर पॅसेजमध्ये मेन स्विचच्या वर भिंतीवरचं घड्याळ होतं. साहेबांनी बाहेर येऊन एकदा मनगट वर केलं असतं, तरी सगळं उघड झालं असतं. ते घड्याळ वीस मिनिटं पुढं होतं.

सात वर्षांपूर्वी प्रमिलाबाईंनीच ते पुढं केलं होतं. मुलगी तेव्हा पाच महिन्यांची, चाळीसगावला सासूबाईंपाशी. सहाला सुटलं की सहा-पाचची गाडी डोळ्यांसमोरून जायची, आणि त्यानंतरच्या गाडीनं पोचेपर्यंत पोर रडून झोपलेली असायची. एका दुपारी कोणी नसताना त्या स्टुलावर चढल्या. कोणी काही बोललं नाही. लवकर सुटायला कोणाची हरकत असते? सकाळी येताना मात्र सगळे आपापल्या मनगटावर भरवसा ठेवत. मुलगी आता दुसरीत होती, वाट बघत रडत नव्हती. घड्याळ तसंच राहिलं. यंत्राला खरी वेळ सांगताना बाई एवढंच विसरल्या, की ही इमारत भिंतीवरच्या वेळेनं चालते.

त्या उठल्या. साहेबांना बाहेर बोलवायचं, घड्याळाखाली उभं करायचं, बस. पुढचं तोंडातून आपोआप येईल.

पॅसेजमध्ये उखर्डू स्टुलावरून उतरत होता. प्रमिलाबाईंनी वर पाहिलं. पावणेसहा. मनगटावर पाहिलं. पावणेसहा.

"नाना, हे काय केलंत?"

"खरं करी टाकं," उखर्डू स्टूल पुसत म्हणाला. "साहेब भाईर येतीन, उगा नजर जाई. सही बी करी टाकी मी. तुमी पया ताई, गाडीले ईसच मिनिटं शेत."

"नाना, तो कागद फाडायचाय. घड्याळ मी पुढं केलं होतं. तुम्हाला माहीत नाही, सात वर्षं झाली. मी साहेबांना सांगायला चाललेय."

त्यांनी पर्स स्टुलावर ठेवली आणि केबिनच्या दाराला हात लावला. मागून उखर्डूचा आवाज आला, नेहमीसारखाच हळू.

"तुमी एकच डाव फुडे करं, ताई. मंग दरसाल सेल बदलीसन ईस मिनिटं फुडे कोन करी राहिना?"