तळपायाच्या गुदगुल्या

भाकरी थापता थापता सुगंधाबाई खो खो हसत सुटल्या. डाव्या तळपायाला गुदगुल्या होत होत्या आणि काही केल्या थांबत नव्हत्या.

गावात घरटी एकाच्या तळपायात नदीला काय होतंय ते जाणवून देणारी चकती बसवलेली होती आणि ज्याच्या त्याच्या वाट्याला वीस हात नदी. तेवढ्या पाण्यात साबण पडला की पायाची आग व्हायची, प्लास्टिक अडकलं की टोचायचं. गुदगुल्या मात्र चकती बसवल्यापासून अकरा वर्षांत कधी झाल्या नव्हत्या.

"हा शिरपाच! परत ट्रॅक्टर धुतोय," म्हणत त्या पिठाच्या हातांनीच नदीवर पोचल्या. वरच्या अंगाचं पाणी सांभाळणारा शिरपा काठावर पाय धरून हसत लोळत होता.

"काय ओतलंस रं मेल्या?"

"काही नाही वो काकू! माझ्या पण पायाला तेच होतंय. खाली वाकून बघा तरी."

सुगंधाबाई वाकल्या. नितळ पाण्यात बोटाएवढे मासे तळाच्या दगडांवरचं शेवाळ टोकत होते. केवढे तरी मासे!

तव्यावरची भाकरी करपली असणार. करपू दे. त्या तिथंच बसल्या, चकती नसलेला उजवा पाय त्यांनी पाण्यात सोडला आणि मासे तिकडे वळायची वाट बघू लागल्या.