हलका हात

महिपतरावांच्या दोन बरगड्या मोडल्याचं एक्स-रेत दिसलं आणि त्यांच्या मुलाचं, संदेशचं डोकंच फिरलं.

"चक्कर आली म्हणून आणलेलं ना बाबांना? मग बरगड्या कशा मोडल्या? स्ट्रेचरवरून पाडलंत ना?"

"अहो, हृदय बंद पडलेलं त्यांचं," डॉक्टर साकेत म्हणाला. "छाती जोर लावून दाबली, तेव्हा कुठे सुरू झालं. या वयात मोडतात बरगड्या."

"गोष्टी नको सांगू! बिल वाढवायचे धंदे तुमचे!"

संदेशने त्याच्या कानाखाली काढली. सोबत आलेल्या पोरांनी त्याचा चष्मा तुडवला. कोणीतरी काढलेला मारहाणीचा व्हिडिओ त्यांच्या अख्ख्या आंबिवली गावात फिरला. महिपतराव मात्र महिन्याभरात नाक्यावर पत्ते कुटायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा कोसळले. कल्याणचं तेच हॉस्पिटल, ड्युटीवर तोच साकेत. संदेश पडदा सारून मोबाइल रोखूनच उभा राहिला.

"सगळं रेकॉर्ड होतंय हां. हात हलका ठेवायचा. परत काही मोडलं ना, तर तुझी खैर नाही."

डॉक्टरने एकदा मोबाइलकडे पाहिलं आणि छाती दाबायला सुरुवात केली. अगदी जपून, तान्ह्या पोराला थोपटावं तशी. धाक असला की कसे सरळ येतात हे लोक, संदेशला वाटलं.

थोड्या वेळाने डॉक्टरने हात काढून घेतले. "गेले."

"गेले? असे कसे गेले? काय केलंस तू त्यांना?"

"एक्स-रे काढून बघा," डॉक्टर म्हणाला. "एकही बरगडी मोडलेली नाही."