अर्धं भूत, अर्धा मांत्रिक

खोटं वाटेल, पण माझी भाची एका कंपनीत ऑनलाइन खेळांसाठी दोन-दोन पात्रं जोडून नवं पात्र घडवते. परवा तिने अर्धं भूत, अर्धा मांत्रिक असा गडी तयार केला. खेळ सुरू होताच त्याने पहिला मंत्र म्हटला आणि स्वतःलाच पळवून लावलं. पडदा रिकामा!

साहेब कडाडले, "आज कुणाची तरी नोकरी जाणार! हे तपासलं कुणी?"

"मीच," भाची म्हणाली. "तपासनीसाला काढून त्याचंही काम तुम्ही माझ्याच गळ्यात घातलंत ना?"

"मग चूक दिसली नाही?"

"दिसली की! घडवणारीला दोनदा बजावलं, साहेब. ऐकतच नाही बाई!"

साहेबांनी घडवणारीला तिथल्या तिथे काढून टाकलं आणि तपासणारीला बढती दिली. भाची म्हणते, आता खुर्चीत जरा ऐसपैस बसता येतं.