मायाबाईंनी लावलेले लग्न

वाचकहो, बौद्ध धम्माच्या प्रसारासाठी ज्यांनी आपली हयात वेचली, अशा एका वृद्ध अध्यक्षांच्या एका सकाळचा वृत्तांत येथे सादर होत आहे. घटना लहान आहे. तरी ती शांत चित्ताने ग्रहण करावी, ही नम्र विनंती.

कुपवाडच्या समाजमंदिरापुढील मांडवात वधू-वर शुभ्र वस्त्रांत उभे होते. टेबलावर तथागतांची मूर्ती व बाबासाहेबांची तसबीर ठेवलेली होती. मेणबत्त्या सिद्ध होत्या. परंतु सुभेदार बाळासो मांडवाच्या दारातच अडून राहिले होते. बाळासो हे वराचे चुलते, फौजेतून निवृत्त झालेले.

"आण्णा, लगीन तुमीच लावा," ते म्हणाले. "बाईमानसाच्या मागनं आमी काय म्हननार न्हाई."

धनाजीअण्णा हे म्हसवडच्या धम्मप्रसार सभेचे अध्यक्ष. आधी सायकलने, पुढे एसटीने गावोगाव हिंडून त्यांनी लोकांना वंदना शिकविली होती व मुहूर्त न पाहता, हुंडा घेऊ न देता असंख्य लग्ने लावली होती. आता गुडघे थकले होते. आपल्यामागे हे कार्य कोण नेईल, हाच एक घोर त्यांच्या जिवाला लागलेला होता. सभेच्या शिबिरात त्यांनी बायकांना तयार केले होते, परंतु बाईला लग्न लावण्यास कोणी बोलावीत नव्हते. आज अंगणवाडीच्या मायाबाई प्रथमच उभ्या राहणार होत्या. त्या आज अडखळल्या, तर पुन्हा कोणत्याही बाईला कोणी विचारणार नाही, हे अण्णा जाणून होते.

"ती माज्यापरीस चांगलं म्हनते, सुभेदार. माजा आवाज आता मोडक्या पिपानीवानी झालाय."

"तुमची पिपानी आमास्नी चालंल."

"आवं, फौजेत बायका इमान उडवत्यात म्हनं आता."

"उडवूंद्यात की! इमानाच्या मागनं काय म्हनावं लागत न्हाई."

मांडवात ऊन चढू लागले. वधूचा बाप हात जोडून दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होता. अखेर बाळासोंनी मान हलविली.

"बरं. पर अडकली, की तुमी उटायचं. कबूल?"

"कबूल," अण्णा म्हणाले, आणि जाऊन पुढच्या सतरंजीवर बसले.

मायाबाई ध्वनिक्षेपकासमोर आल्या. त्यांनी पदर सारखा केला. वंदनेची रीत अशी, की सांगणाऱ्याने एक ओळ म्हणावयाची व जमलेल्यांनी हात जोडून, डोळे मिटून तीच ओळ म्हणावयाची. कोणी पुढे पळावयाचे नाही. कानी येईल तेच म्हणावयाचे. ही शिस्त दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या अंगी अण्णांनीच मुरविली होती.

त्रिशरण निर्विघ्न पार पडले. बाळासोंचे ओठ घट्ट मिटलेले होते. पंचशीलास आरंभ झाला, तशी त्यांची हनुवटी किंचित हलू लागली. अण्णांनी ते एका डोळ्याने पाहिले व तो डोळा पुन्हा मिटला.

इतक्यात कोणा पाहुण्याने चित्रण करण्यासाठी मोबाईल उंच धरला. मायाबाईंची दृष्टी तिकडे गेली, आणि पुढचे शील ओठांवर येता येता निसटले.

साऱ्यांचे हात जोडलेलेच होते. सर्व जण पुढील ओळीची वाट पाहत होते. अण्णांना ती ओळ पाठ होती. ती त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन बसली. परंतु सांगावे, तर मायाबाई अडकल्या हे उघड होणार, आणि न सांगावे, तर दिलेला शब्द मोडणार. त्यांनी गुडघ्यावर हात टेकला.

मायाबाई ध्वनिक्षेपकातच पुटपुटल्या, "थांबा जरा."

साऱ्या मांडवाने भक्तिभावाने म्हटले, "थांबा जरा."

मायाबाई गांगरल्या. "अगं बया, पानी द्या कुनीतरी."

"अगं बया, पानी द्या कुनीतरी," मांडव एका सुरात म्हणाला. आणि त्या सुरात सर्वांत वरचा, कवायतीच्या मैदानावरचा, खणखणीत आवाज होता सुभेदार बाळासोंचा.

क्षणभर कोणालाच काही उमगले नाही. मग मागे पाहुण्यांत बसलेल्या रंगुबाई नावाच्या एका आजींना हसू फुटले. त्यांचे हसू शेजारणीकडे गेले, आणि पाहता पाहता सारा मांडव हसू लागला. नवरी तोंडावर हात धरून हसली. मायाबाईही हसल्या, आणि त्यांच्या खांद्यांचा ताठरपणा गेला.

अण्णा अर्धे उठलेले होते. "काय सुभेदार, कुनाच्या मागनं म्हनलं?"

"तोंडातनं गेलं, आण्णा," बाळासो ओशाळून म्हणाले.

"ती अडकलीया. उटू व्हय मी?"

बाळासोंनी मायाबाईंकडे पाहिले. मग जोडलेले हात तसेच ठेवून ते म्हणाले, "बसा वो तुमी. आता निम्म्यात कुटं सोडायचं? म्हन गं बाई फुडचं. आनि पानी द्या की रं तिला!"

मायाबाईंनी दोन घोट घेतले. राहिलेली शीले त्यांनी एका दमात, स्वच्छ वाणीने सांगितली. वधू-वरांनी प्रतिज्ञा घेतल्या. हार पडले, फुलांच्या पाकळ्या उडाल्या. रंगुबाई गर्दीतून वाट काढीत मायाबाईंपाशी पोहोचल्या व त्यांचे मनगट धरून म्हणाल्या, "माज्या नातीचं बी तूच लावायचं, आत्ताच सांगून ठेवते." त्यांच्या मागे आणखी दोघी-तिघी थांबलेल्या होत्या.

अण्णांकडे कोणाचेच लक्ष नव्हते. ते हळूहळू चालत समाजमंदिराच्या मागे गेले व मांडलेल्या पहिल्याच पत्रावळीपुढे बसले. चुलीपाशी असलेला आचारी भाताचे घमेले घेऊन आला आणि त्यांना पाहून जागीच थांबला.

"आवं आण्णा, तुमी हितं कसं? मग लगीन कोन लावतंय?"

"लागलं बी," अण्णा म्हणाले. "तू वाढ."

एवढे सांगून हा लेखक थांबतो. आपल्या कामातून वेळ काढून आपण हे वाचलेत, त्याबद्दल आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी,
आकाराम भिवा सरतापे, म्हसवड