पाचवी वाटी

पाणी ओतून चार मिनिटं झाली. व्हेस्टीननं पहिल्या वाटीवर वाकून नाक जवळजवळ कॉफीला टेकवलं आणि वर जमलेली भुकटीची साय चमच्यानं मोडली.

"स्वच्छ," ती म्हणाली आणि सरळ झाली. मग बाही वर करून तिनं स्वतःचं कोपर हुंगलं.

"कोपरात काय लपवलंयस?" बाकावरून स्पेसिओझनं विचारलं.

"काही नाही, मावशी. नाक दमतं. आपल्याच कातडीचा वास घेतला की ताळ्यावर येतं."

"माझा नवरा मरेपर्यंत ताळ्यावर आला नाही. कोपर हुंगायला सांगायला हवं होतं."

व्हेस्टीन हसली नाही. कॉफी पारखण्याच्या हंगामाचा नववा दिवस होता आणि सकाळपासूनची ही एकसष्टावी वाटी. तिच्या ओठांची सालं निघाली होती. घरी गेल्यावर उकडलेली केळी आणि साबण यांत तिला आता फारसा फरक कळत नव्हता.

टेबलावरच्या पाचही वाट्या रुगोबा टेकडीच्या होत्या, म्हणजे स्पेसिओझच्या. प्रत्येक वाटीचे दाणे वेगळे तोलायचे, वेगळे दळायचे. एखादा किडका दाणा निघालाच तर त्यानं आपलीच वाटी नासवावी, शेजारची नाही. तसा दाणा बाहेरून शहाण्यासारखा दिसतो. दळला, भिजला की कच्च्या बटाट्याचा वास सोडतो. सकाळच्या पाच वाट्यांत असा एक निघाला होता. म्हणून भट्टीचा मालक गास्पार यानं दुसऱ्या पाच मांडायला सांगितल्या. यांतही निघाला तर स्पेसिओझची चौदा पोती सगळ्यांच्या ढिगात ओतली जाणार होती. नाही निघाला तर प्रत्येक पोत्यावर रुगोबाचं नाव लागणार होतं. किवू सरोवराच्या या काठावर आजवर कुठल्या बाईच्या टेकडीचं नाव पोत्यावर लागलेलं नव्हतं. स्पेसिओझचं ते सकाळपासून तिघांना सांगून झालं होतं. त्यांतला एक तिला घेऊन आलेला मोटरसायकलवाला.

"एका वाटीत दाणे किती?" तिनं विचारलं.

"नव्वदेक."

"आणि त्यांतला किडका?"

"एकच."

"आम्ही भावंडं सहा. दोन वाईट निघाली. आईनं घर नाही मोडलं."

व्हेस्टीननं दुसरी वाटी मोडली. "स्वच्छ." तिसरीवर वाकली तेव्हा तिचे डोळे आपोआप मिटले आणि ती जरा जास्तच वेळ तशी राहिली. "स्वच्छ." चौथी. "स्वच्छ."

पाचवीची साय मोडून ती सरळ झाली. कोपर हुंगलं. पुन्हा वाकली.

"आहे," स्पेसिओझ म्हणाली.

"मी कुठं काय बोलले?"

"चारदा बोललीस. आत्ता नाही बोललीस."

"अजून जिभेला लावायचीय, मावशी. नाकाला लागलं आणि जिभेलाही लागलं, तरच कागदावर चढतं."

"माहीत आहे. सकाळी गास्पारनं बोट नाचवून सांगितलंय मला."

वाट्या निवल्या. मग व्हेस्टीननं पहिल्या वाटीतला चमचाभर घोट सुर्रकन ओढला, तोंडभर फिरवला आणि डब्यात थुंकला.

"एवढी चांगली, म्हणून थुंकतेस?"

"गिळत बसले तर आठवडाभर डोळा लागायचा नाही."

दुसरी, तिसरी, चौथी. चौथीचा घोट थुंकायला ती डब्याकडे वळली. परत फिरली तेव्हा पाचवी वाटी स्पेसिओझच्या दोन्ही हातांत होती. या बाईनं एकतीस वर्षं कॉफी पिकवली होती; प्यायली मात्र होती ती दूध आणि ज्वारीची दारू. कॉफी विकायची असते, एवढंच तिला ठाऊक होतं. तिनं डोळे घट्ट मिटून, काढा प्यावा तशी वाटी गाळासकट तोंडात रिकामी केली आणि टेबलावर ठेवली.

"कडू," ती म्हणाली. दातांवर काळा गाळ होता. "एवढ्यासाठी माणसं विमानानं येतात?"

"मावशी, हे काय केलंत?"

स्पेसिओझ लुगड्याच्या टोकानं दात पुसत राहिली.

गास्पार भाजायच्या मशीनपासून हात पुसत आला. "किती?"

"चार स्वच्छ," व्हेस्टीन म्हणाली. "तिसरी तर..." आणि थांबली.

"पाचवी?"

व्हेस्टीननं क्षणभर रिकाम्या वाटीकडे पाहिलं. "नाकाला लागला. जिभेला लावायच्या आत मावशी प्यायल्या."

गास्पारनं स्पेसिओझकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"नियम तुझा," ती म्हणाली. "दोन्हीला लागायला हवं. माझ्या जिभेला तर काही लागलं नाही बाबा."

"तुमच्या जिभेला कॉफी कधी लागली होती?"

"आज लागली ना."

गास्पार एका पोत्यावर टेकला. त्याच्यामागे थाळ्यात भाजलेले दाणे गार होत गोल गोल फिरत होते.

"पाचवी पुन्हा दळ," तो शेवटी म्हणाला.

व्हेस्टीननं नमुन्याच्या पिशवीत हात घातला, न बघता मूठभर दाणे काढले आणि काट्यावर ओतले. काटा स्थिर होईपर्यंत ती टेबलाला टेकून उभी राहिली. स्पेसिओझनं बाक उचललं आणि आणून थेट टेबलाला लावलं, इतकं की वाट्या तिच्या हाताशी आल्या.

"दळ, पोरी," ती म्हणाली. "पोटात अजून पुष्कळ जागा आहे."