तिघांची तालीम

बाळ घेऊन बापाच्या घरी राहायला जाऊ नकोस, असं वर्नेलमावशीनं रोशेलला बजावलं होतं. थर्मनचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं, तो अजून सत्तरच्या दशकातच राहतो, असं तिचं म्हणणं. रोशेलनं ते हसण्यावारी नेलं. नवरा मालवाहू जहाजावर होता. पश्चिम फिलाडेल्फियातल्या त्या चिंचोळ्या विटांच्या घरात ती लहानाची मोठी झाली होती. तान्ह्या नाओमीला घेऊन ती तिथेच आली.

सुरुवातीला बरं वाटलं. थर्मन नातीला मांडीवर घेऊन आपल्या जुन्या ग्रुपची गाणी गुणगुणायचा. चौघे जण, मोहरीच्या फुलासारखे पिवळे सूट, एकाच ठेक्यावर चौघांची एकच गिरकी. त्यांचं गाणं रेडिओवर पहिल्यांदा लागलं तेव्हा ते सलूनमध्ये होते. न्हावी अर्धी दाढी तशीच टाकून नाचायला लागला आणि ज्याची दाढी होती तोही उठला. हे रोशेलनं लहानपणापासून ऐकलेलं, पण प्रत्येक वेळी तिला हसू यायचं.

मग एका संध्याकाळी थर्मननं जाहीर केलं, की पुढच्या महिन्यात रिव्हरव्ह्यू हॉलमध्ये जुन्या ग्रुपांचा जलसा आहे आणि आपण गाणार आहोत. चौथा गडी केव्हाच देवाघरी गेलेला. उरलेले दोघे दुसऱ्या दिवसापासून सकाळीच हजर होऊ लागले. एल्वुड खर्जातला, तो गायला लागला की फळीवरच्या बशा थरथरायच्या. प्रेंटिसचा आवाज बायकांहून उंच. केसांना काळा कुळकुळीत रंग लावलेला. याचे केस माझ्या नातवाच्या वर्गात शिकतात, असं एल्वुड म्हणायचा.

पूर्वी तालीम तळघरात व्हायची. आता ती पुढच्या खोलीत, रोशेलच्या दारासमोर. गुडघे जिने चढू देत नाहीत, असं कारण.

लांब सूर धरला की तिघे पाळीपाळीनं श्वास घ्यायचे. एक थांबला की दुसरे दोघे धरून ठेवायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसांना श्वास लागतच नाही. गाणं नसलं तरी त्यांचं तसंच. एक जण सिगारेट ओढायला पायरीवर जायचा, तर दुसरा स्वयंपाकघरात पाय चोळत बसलेला. रोशेलला घरात एकटं असं बसायलाच मिळेना.

आणि थर्मनचं वागणं बिघडत चाललं. आधी स्वयंपाकघरातल्या सुऱ्या गायब झाल्या. विचारलं, तर धार लावायला दिल्यात म्हणाला. मग न्हाणीघराच्या दाराची कडी निघाली. गंजली होती म्हणे. औषधांचं कपाट रिकामं झालं. पहाटे डोळा उघडला तर हा पाळण्याजवळ उभा, हात कठड्यावर, ओठ हलतायत. रोशेल मग झोपेनाशीच झाली. म्हाताऱ्यावर लक्ष ठेवायचं तर झोपून कसं चालेल?

कॉलेजात शिकलेली मुलगी. नुसत्या संशयावर तिनं काही केलं नाही. रिव्हरव्ह्यू हॉलला फोन लावला, तो कुठल्याशा टायरच्या दुकानात लागला. तिथल्या माणसानं सांगितलं, हॉल पाडून वर्षं झाली.

म्हणजे मावशी खरं बोलत होती. बाप नसलेल्या जलशाची तालीम करतोय आणि हे दोघे त्याच्या होत हो मिळवतायत. तिनं बॅग भरली, नाओमीला छातीशी धरलं आणि दुपारी पुढच्या खोलीत आली. मावशीकडे चालले, म्हणाली.

प्रेंटिस दाराशीच बसलेला. तो उठून बाजूला झाला नाही.

"हॉल पाडलाय, एल्वुडकाका," ती म्हणाली. "माझ्या बापाला वेड लागलंय आणि तुम्ही त्याला गाऊन दाखवताय. लाज वाटू द्या जरा."

"हॉल पाडलाय हे थर्मनला ठाऊक आहे, पोरी," एल्वुड म्हणाला. "पाडला त्या दिवशी आम्ही तिघे तिथे उभे होतो. हा रडला होता."

"मग हे रोज काय चाललंय?"

थर्मन स्वयंपाकघरातून हात पुसत आला. घाईत वाटू नये इतक्या सावकाश. त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"आधी नाओमीला माझ्याकडे दे, बाळा."

तिनं पोरीला आणखी घट्ट धरलं. नाओमी कळवळली. थर्मननं एल्वुडकडे पाहिलं.

"तालीम सुरू झाली त्याच्या आदल्या रविवारी सगळे चर्चला निघालो होतो," एल्वुड हळू म्हणाला. "तू हिला टबात ठेवलं होतंस आणि शेजारी उभी होतीस. नळ चालू होता. थर्मननं हाका मारल्या, तू वळली नाहीस. त्यानं पोरीला बाहेर काढलं तेव्हा पाणी तिच्या कानांवर आलं होतं. तू त्याला विचारलंस, हे बाळ कुणाचं. तुला एकटं सोडायचं नाही, म्हणून ही तालीम."

तुमच्या जिन्यावर, तुमच्या गल्लीत एखादी नवी आई असेल. आज तिच्या दारावर थाप मारा. ती म्हणेल, मी ठीक आहे, घरात दुसऱ्याच कुणाचं तरी बिघडलंय. तरी आत जा, आणि थोडा वेळ बसा.